वृद्ध श्वानाच्या गळ्यातील पट्टा : संशय, पुरावा आणि नोंद

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत चिंचोळी एमआयडीसी येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ट्रस्टच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीनिमित्त योजलेल्या या व्याख्यानमालेत एका पशुवैद्यकाला आपण पाचारण केलेत, याबद्दल मी आपला मनःपूर्वक आभारी आहे. विषय निवडण्याचे स्वातंत्र्यही आपण मला दिलेत. मी निवडलेला विषय ऐकायला लहान आहे. गोचीड आणि पिसवा यांच्या निवारणासाठी कुत्र्याच्या गळ्यात जो औषधी पट्टा बांधला जातो, त्यामुळे वयस्क कुत्र्यांना अपाय होतो काय, होत असल्यास तो कसा ओळखावा, आणि नुसता संशय आला असता आपण काय करावे, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

पुणे मार्गावरील ही चिंचोळीची औद्योगिक वसाहत आपल्यापैकी अनेकांची कर्मभूमी आहे. येथे औषधांची मूलद्रव्ये तयार होतात, रसायने तयार होतात, मोटारींचे सुटे भाग तयार होतात. आणि बहुतेक कारखान्यांच्या गेटवर एक-दोन कुत्री असतात. ती कोणी विकत आणलेली नसतात. वॉचमनच्या डब्यातील अर्धी भाकरी खाऊन ती वाढतात आणि रात्रपाळीत त्याला सोबत करतात. मस्टरवर त्यांचे नाव नसते. तरी कामगारांना ती आपल्याच खात्यातील वाटतात. वर्षे सरतात, तोंडाभोवतीचे केस पांढरे होतात, उठताना मागचे पाय लटपटू लागतात. घरोघरी पाळलेल्या कुत्र्यांचेही असेच होते. लहानपणी मुलांबरोबर खेळलेले पिल्लू मुले महाविद्यालयात जाईपर्यंत म्हातारे झालेले असते.

अशा कुत्र्याच्या कानात, बोटांच्या बेचक्यात गोचीड दिसले की कोणीतरी आस्थेने पट्टा आणून बांधतो. पंधरा-वीस दिवसांनी कुत्रा मलूल होतो, खाणे सोडतो, चालताना तोल जातो. मग गेटवर दोन मते पडतात. एक म्हणतो, पट्ट्याचे विष चढले. दुसरा म्हणतो, त्याचे वयच झाले होते. दोन्ही वाक्ये बोलायला सोपी आहेत आणि दोन्हींमुळे शोध तेथेच थांबतो. पहिल्या वाक्यामुळे गोचिडांपासून होणारा खरा आजार उपचारावाचून राहू शकतो. दुसऱ्या वाक्यामुळे औषधाचा खरा अपाय कधीच उघडकीस येत नाही. म्हणून प्रथम हा पट्टा म्हणजे काय, ते पाहू.

हा पट्टा साध्या चामड्याच्या पट्ट्यासारखा दिसला तरी तो औषधाचा साठा असतो. प्लास्टिकसारख्या एका बहुवारिकात कीटकनाशक मिसळलेले असते. ते अल्प प्रमाणात पृष्ठभागावर येत राहते आणि त्वचेवरील स्निग्ध थरातून गळ्यापासून शेपटीपर्यंत पसरते. गोचिडाचा त्या थराशी संपर्क आला की त्याची मज्जासंस्था बाधित होते. काही पट्टे दोन-तीन महिने, तर काही सात-आठ महिने परिणाम देतात. गोळी एकदा पोटात जाते आणि तिचा अंमल ओसरत जातो. पट्टा मात्र बांधून असेपर्यंत थोडे थोडे औषध देत राहतो. त्यात एक सोय आहे : अपाय वाटला तर तो तत्काळ काढता येतो. मात्र अंगावर पसरलेले औषध पट्टा काढल्याबरोबर नाहीसे होत नाही, हेही लक्षात असावे.

सर्व पट्टे एकाच औषधाचे नसतात, आणि ही गोष्ट खरेदी करणारास बहुधा ठाऊक नसते. काही पट्ट्यांत पायरेथ्रॉइड वर्गातील फ्लुमेथ्रिन किंवा डेल्टामेथ्रिन असते. काहींत फ्लुमेथ्रिनच्या जोडीला इमिडाक्लोप्रिड असते. काही पट्ट्यांत कार्बामेट वर्गातील प्रोपॉक्सर, तर काहींत अमिट्राझ वापरलेले आहे. प्रत्येकाच्या बाधेची लक्षणे वेगळी. पायरेथ्रॉइडच्या बाधेत अंगाला कंप सुटतो, तोल जातो, क्वचित झटके येतात. प्रोपॉक्सरच्या बाधेत लाळ गळते, डोळ्यांतून पाणी येते, जुलाब होतात, बाहुल्या बारीक होतात. येथे अ‍ॅट्रोपिन उपयोगी पडते. अमिट्राझच्या बाधेत कुत्रा गुंगीत जातो, नाडी मंदावते, रक्तातील साखर वाढते. त्याचे उतारे वेगळे आहेत. म्हणून कुत्र्याला दवाखान्यात आणताना पट्टा आणि त्याचे वेष्टन बरोबर आणावे. “कसलातरी काळा पट्टा होता” एवढ्या माहितीवर पशुवैद्यकाला योग्य उतारा निवडणे कठीण जाते.

आता वयाचा प्रश्न. बहुतेक वेष्टनांवर पिलाचे किमान वय छापलेले असते. उतारवयासाठी तशी मर्यादा सहसा नसते. याचा अर्थ वृद्ध कुत्र्याला पट्टा वर्ज्य आहे असा नाही, आणि निर्धास्तपणे बांधावा असाही नाही. उतारवयात यकृत व मूत्रपिंडे यांची शरीरातील द्रव्ये निचरून टाकण्याची शक्ती कमी होते. त्वचा पातळ व कोरडी होते. हृदयाची झडप सैल झालेली असते, सांधे दुखत असतात, आणि त्यांसाठी औषधे चालू असतात. शरीराचा राखीव साठाच कमी झालेला असल्यामुळे तरुण कुत्रा जे सहज पचवतो ते म्हाताऱ्या कुत्र्याला जड जाऊ शकते.

याची दोन उदाहरणे देतो. अमिट्राझमुळे इन्सुलिनचा स्राव दबतो. मधुमेही कुत्र्याच्या गळ्यात असा पट्टा बांधला तर साखर आणखी बिघडू शकते, आणि मधुमेह हा प्रामुख्याने मध्यम व उतारवयातील कुत्र्यांचा रोग आहे. दुसरे असे की, वार्धक्यात स्मृतिभ्रंश झालेल्या कुत्र्यांना सेलेजिलिन नावाचे औषध दिले जाते. त्याच्याबरोबर अमिट्राझ वापरू नये, असा स्पष्ट इशारा आहे. म्हणजे एकच पट्टा एका म्हाताऱ्या कुत्र्याला मानवेल आणि दुसऱ्याला बाधेल. निर्णय वयाच्या आकड्यावर न घेता त्या प्राण्याच्या प्रकृतीवर घ्यावा लागतो.

या विषयावरील सर्वांत मोठा वाद अमेरिकेत झाला. इमिडाक्लोप्रिड आणि फ्लुमेथ्रिन असलेला ‘सेरेस्टो’ नावाचा पट्टा तेथे 2012 साली मान्यता मिळून बाजारात आला. तो प्रथम बायर कंपनीचा होता. 2020 साली तिचा पशु-औषध विभाग एलॅन्को कंपनीने घेतला. अमेरिकेत असा पट्टा कीटकनाशक म्हणून गणला जातो. म्हणून त्याची देखरेख औषध प्रशासनाकडे नसून पर्यावरण संरक्षण संस्थेकडे आहे. युरोपात तोच पट्टा पशुवैद्यकीय औषध मानला जातो. 2021 सालच्या मार्चमध्ये तेथील वृत्तपत्रांनी या संस्थेकडील नोंदी प्रसिद्ध केल्या. या पट्ट्याबाबत 75,000 हून अधिक तक्रारी आल्या होत्या आणि त्यांत 1,698 प्राण्यांच्या मृत्यूंचा उल्लेख होता. देशभर खळबळ उडाली. तेथील संसदेच्या एका उपसमितीने राजा कृष्णमूर्ती यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी केली आणि जून 2022 मध्ये अहवाल दिला. पट्टा बाजारातून मागे घ्यावा, असे त्या समितीचे मत पडले. कंपनीचे म्हणणे असे की, अडीच कोटींहून अधिक प्राण्यांनी पट्टा वापरला आहे, तक्रारींचे प्रमाण अत्यल्प आहे, आणि तक्रार म्हणजे कारण सिद्ध झाले असे नव्हे.

बंधू-भगिनींनो, येथे आपण आपल्या व्यापारी बुद्धीने थोडा हिशेब करू. कुत्र्याचे सरासरी आयुष्य बारा वर्षे धरले, तर सर्व वयांच्या 1,200 कुत्र्यांपैकी दर वर्षी सुमारे 100 कुत्री या ना त्या कारणाने मरणार. पट्टा आठ महिने गळ्यात राहतो. त्या आठ महिन्यांत 66-67 कुत्री मरणार, आणि पट्टा पूर्ण निर्दोष असला तरी मरताना तो त्यांच्या गळ्यात असणार. यावरून मृत्यूंचा नुसता आकडा पट्ट्याला दोषी ठरवू शकत नाही. पण याच हिशेबाची दुसरी बाजू अशी की, बहुसंख्य मालक तक्रार करीतच नाहीत. विशेषतः कुत्रा म्हातारा असेल तर कोणाला संशयही येत नाही. म्हणून “तक्रारी थोड्या आहेत” हे उत्तरही पट्ट्याला निर्दोष ठरवीत नाही. वृद्ध कुत्र्याच्या बाबतीत हा पेच अधिक अवघड होतो, कारण त्याच्या मृत्यूचे स्पष्टीकरण आधीच तयार असते.

मग त्या संस्थेने काय केले? तिने औषध प्रशासनातील पशुवैद्यकांच्या साहाय्याने सुमारे 1,400 मृत्यूंच्या नोंदी तपासल्या आणि जुलै 2023 मध्ये निष्कर्ष जाहीर केला. तो आपण सर्वांनी लक्षपूर्वक ऐकावा असा आहे. पुष्कळशा मृत्यूंच्या नोंदींत आवश्यक तपशीलच नव्हते, त्यामुळे पट्ट्याचा संबंध आहे किंवा नाही हे ठरविता आले नाही. जे मृत्यू पट्ट्यामुळे बहुधा किंवा निश्चित झाले असे ठरले, त्यांतील बहुतेकांचे कारण औषध नव्हते. पट्टा कोठेतरी अडकला, ताण पडल्यावर सुटावयास हवा होता तो सुटला नाही, आणि गळफास अथवा इजा झाली. दुसऱ्या बाजूला, मलूलपणा, उलट्या, भूक मंदावणे, विचित्र वागणे अशी लक्षणे पट्टा काढल्यावर कमी झाल्याचे आणि काही प्राण्यांत पुन्हा बांधल्यावर परत आल्याचे आढळले. झटके आणि तोल जाणे यांच्याही नोंदी होत्या. पट्ट्यावर बंदी आली नाही. परंतु परवान्याची मुदत पाच वर्षांपुरती मर्यादित झाली, वेष्टनावर इशारे छापण्याचे बंधन आले, आणि तक्रारींचा अधिक तपशील गोळा करून देण्याची जबाबदारी कंपनीवर पडली.

एवढ्या संपन्न देशात एवढ्या तक्रारी जमूनही बहुसंख्य मृत्यूंचे उत्तर मिळाले नाही, ते तपशिलाअभावी. कुत्र्याचे वय, वजन, आधीचे आजार, पट्टा बांधल्याची तारीख, लक्षण दिसल्याची तारीख, पट्टा काढल्यानंतर काय झाले, या साध्या गोष्टी लिहिलेल्या नव्हत्या. तक्रार होती, पण नोंद नव्हती.

आता आपल्याकडील स्थितीचा विचार करू. सोलापूरच्या उष्ण, कोरड्या हवेत तपकिरी गोचीड चांगला तग धरतो. तो चावताना एर्लिचिया आणि बॅबेसिया या रोगांचे जंतू कुत्र्याच्या रक्तात सोडतो. यालाच बोलीभाषेत ‘टिक फिव्हर’ म्हणतात. ताप, मलूलपणा, अन्नावरची वासना उडणे, हिरड्या पांढऱ्या पडणे, नाकातून रक्त येणे, गडद लघवी होणे ही त्याची लक्षणे. गोचीड चावल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण एक ते तीन आठवडे जातात. आता क्रम लक्षात घ्या. आपण पट्टा केव्हा बांधतो? अंगावर गोचीड दिसल्यावर. म्हणजे जंतू पट्ट्यापूर्वीच शरीरात गेलेले असू शकतात. पंधरा दिवसांनी ताप येतो, तेव्हा गळ्यात पट्टा असतो आणि दोष पट्ट्याला जातो. पट्टा काढून टाकला जातो, टिक फिव्हरचा उपचार होत नाही, आणि वेळेवर औषध मिळाले असते तर वाचण्याची आशा असलेला कुत्रा दगावतो. मी सुरुवातीस म्हटले की “विष चढले” हे वाक्य शोध थांबविते, त्याचा अर्थ हा.

वृद्ध कुत्र्यांच्या बाबतीत आणखी एक फसगत संभवते. उतारवयात कानाच्या आतील तोल सांभाळणारी यंत्रणा अचानक बिघडते. कुत्रा मान एका बाजूला कलती करतो, गोल फिरतो, पडतो, डोळे भिरभिरतात. पाहणाऱ्याला वाटते की विषबाधा झाली किंवा अर्धांगवायू झाला. वास्तविक हा विकार बहुधा काही दिवसांत ओसरू लागतो. परंतु पायरेथ्रॉइडच्या बाधेतही तोल जातोच. दोन्ही लांबून सारखे दिसतात. फरक तपासणीनेच कळतो. म्हणून उतारवयातील कुत्र्याच्या रक्तपेशी, प्लेटलेट, साखर, क्रिएटिनिन आणि यकृताची तपासणी शक्यतो पट्टा बांधण्यापूर्वीच एकदा करून घ्यावी. पुढे शंका आली तर तुलनेसाठी आधीचा आकडा हाताशी असतो.

संशय आला तर तो कसा पारखावा? चार प्रश्न विचारावेत. पहिला : लक्षणे पट्टा बांधल्यानंतर आली काय, आणि किती दिवसांनी? दुसरा : ही लक्षणे त्या पट्ट्यातील औषधाची म्हणून माहीत आहेत काय? तिसरा : पट्टा काढल्यावर लक्षणे कमी झाली काय, आणि किती तासांनी किंवा दिवसांनी? चौथा : दुसरे कोणते कारण, म्हणजे टिक फिव्हर, मूत्रपिंडाचा विकार, हृदयविकार, दुसरे एखादे औषध, तपासून वगळले काय? माणसांच्या औषधांच्या बाबतीतही हीच पद्धत वापरतात आणि संबंध निश्चित, बहुधा, शक्य किंवा असंभाव्य, असा श्रेणीने लावतात. पट्टा पुन्हा बांधून लक्षणे परत येतात का हे पाहणे शास्त्रदृष्ट्या निर्णायक असले, तरी म्हाताऱ्या कुत्र्यावर हा प्रयोग कोणीही जाणूनबुजून करू नये.

येथे बसलेल्यांपैकी अनेकांना नोंदीचे महत्त्व मी सांगण्याची गरज नाही. औषधनिर्मितीच्या कारखान्यात प्रत्येक बॅचची नोंद ठेवली जाते. कच्चा माल कोठून आला, तापमान किती होते, कोणी तपासले, हे सर्व कागदावर असते. पुढे तक्रार आली तर बॅच क्रमांकावरून मागे जाता येते. थॅलिडोमाइडच्या गोळीने हजारो बालके व्यंग घेऊन जन्मली, ते 1961 साली जगाला कळले. त्यानंतर 1968 साली जागतिक आरोग्य संघटनेने औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदी एकत्र करण्याचे काम सुरू केले. भारतात माणसांच्या औषधांसाठी असा राष्ट्रीय कार्यक्रम 2010 साली सुरू झाला. मुक्या प्राण्यांच्या बाबतीत मात्र पहिली नोंद त्यांना सांभाळणाऱ्या माणसालाच करावी लागते, कारण त्यांना आपली व्यथा सांगता येत नाही.

प्राण्यांच्या औषधाबाबतची नोंद किती मोलाची ठरते, याचे उदाहरण आपल्याच देशातील आहे. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश यांनी 1980 च्या दशकात भरतपूरच्या अभयारण्यात गिधाडांची गणना करून ठेवली होती. 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी पुन्हा गणना केली, तेव्हा गिधाडे झपाट्याने नाहीशी होत असल्याचे दिसून आले. आधीचा आकडा लिहिलेला होता, म्हणून नंतरची घट सिद्ध झाली. पुढे 2004 साली कारण सापडले : गुराढोरांना वेदनाशामक म्हणून दिले जाणारे डायक्लोफेनॅक. औषध दिलेले जनावर मेले की त्याचे मांस खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत. 2006 साली भारत सरकारने जनावरांसाठी त्याच्या वापरावर बंदी आणली. 2023 साली केटोप्रोफेन व अ‍ॅसिक्लोफेनॅक यांच्या पशुवैद्यकीय वापरावरही बंदी आली. गुरांची वेदना शमविण्यासाठी, करुणेपोटीच दिलेले औषध दुसऱ्या जीवाच्या मुळावर आले होते. हेतू शुद्ध असला तरी परिणामाची नोंद ठेवावी लागते, हे पांजरपोळ आणि गोशाळा चालविणाऱ्या समाजाला वेगळे सांगावयास नको.

येथे आपल्यापैकी काहींच्या मनात एक प्रश्न निश्चितच असेल. गोचीड हाही जीव आहे. आपल्या शास्त्रात उवा, मुंग्या, गोचीड यांची गणना त्रींद्रिय जीवांत होते. मग पट्टा बांधावा की नाही? तो निर्णय प्रत्येकाने आपल्या श्रद्धेनुसार आणि गुरुजनांच्या मार्गदर्शनाने घ्यावा; तो अधिकार माझा नाही. परंतु पशुवैद्यक म्हणून एक वस्तुस्थिती सांगणे माझे कर्तव्य आहे. तपकिरी गोचिडाची मादी कुत्र्याच्या अंगावरून उतरून भिंतीच्या भेगांत हजारो अंडी घालते. आपल्याला अंगावर दिसतात ते थोडे. बाकीचे आसपासच्या फटींत असतात. ती पैदासच होऊ दिली नाही, तर पुढे मारण्याचा प्रसंग पुष्कळ अंशी टळतो आणि म्हाताऱ्या कुत्र्यावर रसायनाचा भारही पडत नाही. वॉचमन केबिनच्या भेगा सिमेंटने बुजवाव्यात, वेळोवेळी चुना द्यावा. कुत्र्याच्या बसण्याची गोणपाटे बदलून स्वच्छ धुवावीत, वाढलेले गवत काढावे. रोज सायंकाळी कान, मान, काखा आणि बोटांच्या बेचक्या पाहून दंतुर फणीने विंचरावे. हे काम पाच मिनिटांचे आहे, आणि म्हाताऱ्या कुत्र्याला तो स्पर्श आवडतोही.

याउपर पट्टा आवश्यक ठरला, आणि जेथे गोचिडांचा उपद्रव मोठा आहे तेथे तो ठरू शकतो, तर काही पथ्ये पाळावीत. पशुवैद्यकाला विचारून, कुत्र्याच्या वजनाप्रमाणे पट्टा घ्यावा. खात्रीच्या दुकानातून, बिल घेऊन घ्यावा. नामांकित पट्ट्यांच्या हुबेहूब नकला बाजारात आढळल्या आहेत आणि त्यांत काय असते हे कोणीच सांगू शकत नाही. मान आणि पट्टा यांच्यामध्ये दोन बोटे सहज जातील एवढा सैल बांधावा व उरलेला तुकडा कापून टाकावा. कारखान्याच्या आवारातील कुत्र्याच्या बाबतीत तर पट्टा तारेच्या कुंपणात अडकणार नाही आणि ताण पडल्यास सुटेल याची खात्री करावी. एक पट्टा असताना दुसरे मानेवर सोडायचे थेंब, फवारा किंवा गुरांच्या गोचिडांचे औषध वापरू नये. पट्टा बांधल्यावर पहिले दोन दिवस कुत्र्यावर बारीक लक्ष ठेवावे आणि पुढेही आठवड्यातून एकदा पट्ट्याखालची कातडी पाहावी. घरात लहान मुले असतील तर त्यांना पट्टा हाताळू देऊ नये. प्रोपॉक्सरचे पट्टे अमेरिकेत 2014 च्या करारानंतर टप्प्याटप्प्याने बंद झाले, ते मुलांना असलेल्या धोक्यामुळेच. आणि कुत्र्यांसाठी असलेले परमेथ्रिनयुक्त औषध मांजराला कधीही लावू नये. ते मांजराचा प्राण घेऊ शकते.

पट्टा नको म्हणून कोणी नव्या गोळ्यांकडे वळतील. त्या गुणकारी आहेत. परंतु त्या वर्गातील औषधांमुळे काही कुत्र्यांत कंप व झटके आल्याच्या नोंदींवरून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सप्टेंबर 2018 मध्ये इशारा दिला होता. ज्या वृद्ध कुत्र्याला पूर्वी झटके आले आहेत, त्याच्या बाबतीत हे पशुवैद्यकास अवश्य सांगावे. पूर्णतः निर्धोक असे औषध नाही. कोणत्या प्राण्याला कोणता धोका कमी, एवढीच निवड आपल्या हाती असते.

आणि तरीही अपायाची शंका आली तर? पट्टा लगेच काढावा, फेकू नये, पिशवीत बंद करून ठेवावा. कुत्रा शुद्धीवर व शांत असेल तर कोमट पाणी आणि सौम्य साबणाने अंग धुऊन कोरडे करावे. झटके येत असतील, श्वास जड असेल, कुत्रा गुंगीत असेल, तर धुण्यात वेळ न दवडता दवाखाना गाठावा. पट्टा चावून गिळला असेल तर ती तातडीची अवस्था समजावी. त्यानंतर एका वहीत सात गोष्टी लिहाव्यात : कुत्र्याचे वय व वजन, चालू असलेले आजार व औषधे, पट्ट्याचे नाव, घटक व बॅच क्रमांक, बांधल्याची तारीख, लक्षणे व ती दिसल्याची तारीख, पट्टा काढल्याची तारीख व त्यानंतरचा बदल, आणि तपासण्यांचे निकाल. ही नोंद पशुवैद्यकाकडे द्यावी, उत्पादक कंपनीला लेखी कळवावी, आणि प्रकार गंभीर असल्यास अन्न व औषध प्रशासनाच्या नजरेस आणावी. उत्तर येवो न येवो, आपली प्रत जपून ठेवावी.

माझी विनंती एवढीच आहे की, या वसाहतीतील प्रत्येक कारखान्याने सिक्युरिटी केबिनमध्ये गेटवरील कुत्र्यांसाठी अशी एक वही ठेवावी. रेबीजच्या लसीची तारीख, पट्ट्याची तारीख, आजाराची तारीख तीत लिहावी. वर्षअखेर चार-पाच कारखान्यांच्या वह्या एखाद्या पशुवैद्यकाने एकत्र वाचल्या, तर एका कुत्र्याच्या बाबतीत जे केवळ संशय वाटले ते दहा कुत्र्यांच्या बाबतीत एकाच प्रकारे घडले काय, हे समजेल. तसे घडले असेल तर बोलण्यास आधार मिळेल. घडले नसेल तर एका उपयुक्त साधनावरचा नाहक ठपका दूर होईल.

ज्या कुत्र्याने दहा-बारा वर्षे आपले गेट राखले, तो कशाने गेला हे विचारण्याचे कष्ट आपण घ्यावेत, इतका त्याचा आपल्यावर हक्क आहे.